न विकायचा वाफा

कुंताबाईच्या वावरात एक वाफा आहे, त्यातली भाजी ती विकत नाही. बाकी सगळी विकते. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, चवळीच्या शेंगा, जे निघेल ते सकाळी काढते, सेलूच्या बाजारात नेते, आमच्या शाळेच्या खिचडीलाही देते आणि भावात कोणाला सोडत नाही. मलाही नाही. पण धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जे निंबाचं झाड आहे, त्याच्या अंगाला एक लांबट वाफा आहे. त्यातली मेथी आणि शेपू ती फक्त बाळंतिणीच्या घरी पोचवते. फुकट.

मी हिंगणीच्या शाळेत बदलून आले तेव्हा माझी मुलगी तीन महिन्यांची होती. गावात ओळख कोणाचीच नव्हती. एके दिवशी दारात एक उंच, उन्हानं रापलेली बाई येऊन उभी राहिली. टोपल्यातून शेपूची मोठी जुडी काढून तिनं ओट्यावर ठेवली.

"नव्या मॅडम तुमीच ना? घ्या. यानं दूध येते."

मी पैसे आणायला आत वळले.

"ठेवा ते. या वाफ्याचं इकत नाई मी."

"का हो?"

"मॅडम लोकाईले लय काऊन काऊन लागते," असं म्हणून ती हसली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि गेली.

त्या 'काऊन'चं उत्तर मला एकदम मिळालं नाही. नऊ वर्षांत तुकड्यातुकड्यानं मिळालं. कधी शेंगा सोलताना, कधी देवळातल्या प्रार्थनेवरून परतताना. ते सगळं जोडून सांगते.

कुंताबाईला पहिली मुलगी झाली होती. उज्वला. सव्वाचार महिन्यांची झाली, पालथी पडायला लागली, आवाजाकडे मान वळवायला लागली, आणि तीन दिवसांच्या तापात गेली. या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि बाया मातीला जात नाहीत. श्रावणभाऊ, म्हणजे तिचा नवरा, आणि दीर किसनराव, दोघं ते गाठोडं घेऊन वावरात गेले. ही घरात बसून राहिली. पदर दुधानं ओला होत होता, तो पिळायचंही भान नव्हतं म्हणे. श्रावणभाऊ परत आले, पाय धुतले आणि एवढंच म्हणाले, "निंबाजवळ ठेवली. मीठ टाकलं, वरतून बाभळीचे काटे लावले."

निंबाच्या कोणत्या अंगाला, हे त्यांनी सांगितलं नाही. हिनं विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तिनं निंबाजवळ वाफा केला. श्रावणभाऊ वखर चालवताना तिथं आले की बैल थांबवत, वखर उचलत आणि पलीकडे नेऊन पुन्हा टेकवत. नवरा-बायकोत त्या जागेबद्दल कधी एक शब्द झाला नाही. नंतर वैभव झाला, मोठा झाला, आता शेत तोच पाहतो. त्यालाही बहीण होती एवढंच ठाऊक.

श्रावणभाऊ पाच वर्षांपूर्वी गेले. तिसऱ्या दिवशी वैभवनं त्यांची फुलं, म्हणजे अस्थी, गोळा केली आणि पवनारला धाम नदीच्या पात्रात सोडली. मी भेटायला गेले तर कुंताबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "ह्याईचं तं झालं मॅडम. पानी भेटलं. पोट्टी तेवढी एकलीच राह्यली वावरात."

"तिचं काय व्हायचं राहिलं आता, कुंताबाई? ती देवाकडे गेली तेव्हाच."

"देवाकडे गेली असन. मले म्हनाचं हाय, तिचं थोडंसं काई भेटलं असतं, तं मी बी तिले पान्यापर्यंत पोचवलं असतं. माह्या हातानं. मी तिले कुठंच पोचवलं नाई न."

मग उकरून का पाहत नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिनंच सांगितलं, "झोपलेलं लेकरू उठवा कशाले."

असं ते दोन्हीकडून अडलेलं होतं. हात लावायचा नाही आणि हात लावल्याशिवाय भेटायची नाही.

यंदाच्या मार्गशीर्षात वावरातून पांढरी रेघ मारली गेली. धरणाचं पाणी आता पाटाऐवजी जमिनीखालच्या पाईपातून येणार, त्याच्या चरीची आखणी. रेघ सरळ निंबापाशी आली आणि वाफ्याच्या मधोमध पुढं गेली. वैभव खूश होता. पाणी कोणाला नको आहे? कुंताबाईनंही नको म्हटलं नाही. फक्त विचारलं, "कधी खोदनार?"

"संक्रांत झाली का लगेच," वैभव म्हणाला.

हे मला पुढं कळलं. त्या दिवसांत मी सातवीला हाडांचा धडा शिकवत होते. पुस्तकातलं वाचून मुलं माना डोलावतात आणि विसरतात, म्हणून मी प्रयोग लावायचं ठरवलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळे हाड कुठून आणायचं हीच पंचाईत. वर्गातल्या नमितानं सोमवारी कोंबडीच्या तंगडीची चार हाडं आणली, साबणानं धुऊन, वहीच्या कागदात गुंडाळून. सेलू रोडवरच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून मी व्हिनेगरची बाटली आणली. लोणच्याच्या जुन्या बरणीत दोन हाडं ठेवली, वरून बुडेल इतकं व्हिनेगर ओतलं, झाकण लावलं आणि बरणी खिडकीत ठेवली.

कुंताबाई खिचडीची भाजी द्यायला आली तेव्हा तिची नजर बरणीवर गेली.

"हे काय होय मॅडम?"

"कोंबडीचं हाड आहे. प्रयोग लावलाय."

"अवो माय! घरी अंडं चालत नाई म्हनते, अन् शाळेत तंगडीचं लोनचं घातलं!"

वर्ग खो खो हसला. खिचडी शिजवणारी कमलाबाई बाहेरून ओरडली, "माह्या चुलीजवळ नका आनजा बरं ते! माहा आज उपास हाय."

"तुहा उपास रोजच रायते कमले," कुंताबाई म्हणाली. पण बोलताना तिचा डोळा बरणीवरच होता. "अन् यानं काय होते?"

"हाड कशाचं बनलंय ते कळतं. पाच-सहा दिवसांनी या, दाखवते."

ती रोज आली. भाजी असो नसो. दोन दिवसांनी मी जुनं व्हिनेगर एका स्टीलच्या ताटलीत ओतून ठेवलं आणि बरणीत नवं घातलं. सहाव्या दिवशी हाड बाहेर काढून धुतलं आणि मुलांसमोर वाकवलं. ते वाकलं. सोडलं तर पुन्हा हळूहळू सरळ झालं. हातोहात सगळ्या वर्गात फिरलं. कुंताबाई मागे दाराशी उभी होती. तिनंही पदराला हात पुसून ते घेतलं आणि दोन बोटांत धरून वाकवलं.

"रबर झालं."

"हाडात दोन गोष्टी असतात," मी मुलांना सांगितलं. "एक कडक, एक मऊ. कडक म्हणजे चुन्यासारखं, खडूसारखं. ते आंबट पाण्यात विरघळून गेलं. मऊ होतं ते उरलं."

मग शाळेच्या मागं तीन विटा मांडून, कमलाबाईच्या चुलीपासून लांब, उरलेली दोन हाडं खूप वेळ जाळली. निवल्यावर पाहिलं तर पांढरीशुभ्र झाली होती. आकार तोच, पण उचलायला गेलं की भुगा. "आता यातलं मऊ जळून गेलं," मी म्हटलं, "आणि कडक उरलं. पण धरून ठेवणारं मऊ नसलं की कडकही टिकत नाही."

कुंताबाईनं वाकून एक तुकडा तळहातावर घेतला. मूठ बंद केली नाही. श्रावणभाऊंची फुलंही वैभवनं अशीच उचलली असतील.

शाळा सुटली तरी ती गेली नाही. पायरीवर बसून राहिली.

"मॅडम, ते चुन्याचं गेलं कुठं?"

मी ती व्हिनेगरची ताटली आणली. चार दिवस उन्हात राहून पाणी उडून गेलं होतं आणि तळाला पांढरी साय धरली होती. तिनं त्यावर बोट फिरवलं.

"म्हनजे गेलं नाई. पान्यात होतं."

"हो. दिसत नव्हतं एवढंच."

"अन् लहान लेकराचं कसं रायते? सव्वाचार महिन्याचं?"

आता ती कशासाठी रोज येत होती ते माझ्या लक्षात आलं. पांढऱ्या रेघेची गोष्ट तिनं मला तेव्हा सांगितली. मी तिच्याजवळ खाली बसले.

"एवढ्या लेकराची हाडं बरीचशी मऊच असतात. चुना हळूहळू भरत जातो. आईच्या दुधातूनच येतो तो."

"माह्या."

"तुमच्याच."

ती स्वतःच्या हाताकडं पाहत राहिली. काळे, भेगाळलेले, नखात माती असलेले हात.

"अन् मातीत टिकते का?"

इथं मी विचार करून बोलायला हवं होतं. पण मला खोटं बोलवत नाही आणि खरं नीट ठाऊक नव्हतं. म्हटलं, "सांगता नाही येत. आंबट जमिनीत हाड लवकर विरतं. आपल्याकडची तशी नाही, चुनखडीची आहे. अशा जमिनीत टिकतं म्हणतात. पण इतकं लहान, इतकी वर्षं, त्यात वाफ्याला रोजचं पाणी..."

"म्हनजे नाईच असं बी नाई."

"तसं नाही म्हणता येत."

"बस," ती म्हणाली आणि उठली. माझ्या एवढ्या बोलण्यातून तिनं तेवढंच उचललं होतं. रात्री देवाजवळ दिवा लावताना मला वाईट वाटत राहिलं. हे शिकवलं नसतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

संक्रांत झाली. जेसीबी आला. कुंताबाई चरीच्या काठावर पोतं अंथरून बसली. वैभवनं आधी थट्टा केली, "आई, उनात बसून काय पाहून राह्यली? सोनं निघनार हाय काय?"

"तुही बहीन हाय तिथं."

वैभवनं जाऊन जेसीबीवाल्याला निंबापाशी हळू घ्यायला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी घरून शेंगा चाळायची चाळणी आणून आईच्या पुढ्यात ठेवली. हे तिनंच मला सांगितलं.

किसनरावांनाही बोलावलं होतं. ते आता काठी टेकत चालतात. चरीजवळ उभे राहून त्यांनी बराच वेळ इकडं तिकडं पाहिलं. मग म्हणाले, "वैनी, तवा इथं निंबाचे दोन झाडं होते."

"दोन?"

"एक वादळात पडलं मंग. कोन्त्याजवळ ठेवली ते... मी कंदील धरून होतो वैनी. दादाच खोदून राह्यला होता. मी तिकडं पाह्यलंच नाई."

चाळीस वर्षं जिथून शेपू काढला ती जागा तीच होती की नव्हती, हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. हे ऐकून मी कुंताबाईला विचारलं, "मग काय केलं तुम्ही?" म्हणाली, "काय करतो? चाळत राह्यलो."

रविवारी सकाळी ती माझ्या घरी आली. श्रावणभाऊंच्या जुन्या धोतराच्या फडक्यात काहीतरी बांधलेलं होतं. तिनं ते ओट्यावर ठेवलं. जिथं पहिल्या दिवशी शेपूची जुडी ठेवली होती, तिथंच.

"सात निघाले. पांढरे हायेत. तुमच्या त्या पान्यात टाकून पाहा. तिचं असन तं सांगजा. मी बाजार करून दुपारी येतो."

ती गेल्यावर मी आंघोळ केली, पूजा उरकली आणि मगच गाठ सोडली. सात खडे होते. बहुतेक नखाएवढे. एक जरा लांब, लहान बाळाच्या करंगळीसारखा. धुऊन पुसून आणले होते. किती वेळ धुतले असतील कोण जाणे.

मी त्यातला सगळ्यात लहान घेतला. बशीत ठेवला आणि वरून व्हिनेगर ओतलं.

हाड व्हिनेगरमध्ये गप्प पडून राहतं. एखादा बुडबुडा चिकटून बसतो, बस. हा खडा लगेच फसफसला. चहूबाजूंनी बारीक बुडबुडे निघाले, पाणी गढूळ झालं, आणि स्वयंपाक होईतो खडा अर्धा झाला. तळाला काळ्या मातीची रेघ तेवढी राहिली. चुनखड. आपल्या सगळ्याच वावरात कुदळ लागली की निघते, तीच.

मी दुसरा खडा उचलला, बशीवर धरला आणि परत फडक्यात ठेवला.

एक विचार मनात आला, नाही कशाला म्हणू? 'हो, हाड आहे' एवढं म्हटलं तर कोणाचं काय बिघडणार होतं? ती सुखानं पाण्यात सोडेल. ती बशी धुऊन टाकायला मी मोरीपर्यंत गेलेही. पण नऊ वर्षं त्या बाईनं मला भाजीच्या वजनात कधी फसवलं नव्हतं. बशी तशीच परत आणून ठेवली.

दुपारी ती आली. उंबऱ्यातच बसली. मी पाणी दिलं, आणि बशी तिच्या पुढ्यात ठेवली.

"हे ती नाही कुंताबाई. चुनखड आहे."

तिनं बशीत पाहिलं. पाणी सगळं प्यायली. तांब्या खाली ठेवला.

"मालूम होतं मले."

"मालूम होतं?"

"सगळा जनम वावरात गेला मॅडम. चुनखड वळखत नाई का मी?"

"मग आणलं कशाला? इतकं धुऊन, बांधून?"

"सात होते न," ती म्हणाली. "मन म्हने, सातच्या सात कसे चुनखड असतीन? एखादा तरी..." पदरानं तोंड पुसलं. मग विचारलं, "किती पाह्यले तुमी?"

"एकच."

"बाकीचे?"

"तसेच आहेत."

तिनं फडकं ओढून घेतलं आणि गाठ मारली. घट्ट.

"मंग राहू द्या. ते नका पाहू."

मी विज्ञान शिकवते. सहा खड्यांचं काय ते मला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे. पण त्या गाठीवर मी हात ठेवला नाही.

सोमवती अमावस्येला सुटी टाकून मी तिच्यासोबत पवनारला गेले. वैभव गाडीवर नेतो म्हणत होता, तिनं नको म्हटलं. मला म्हणाली, "तुमी चला. बाया मातीले जात नाई. पान्याले जायाले कोन नाई म्हनते?"

धामचं पाणी या दिवसांत थोडं असतं, खडकांमधून वाट काढत जातं. ती गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरली. मी काठावर हात जोडून उभी राहिले. तिनं फडकं सोडलं. पहिला खडा पाण्यात ठेवला, टाकला नाही, ठेवला, जसं झोपलेल्या लेकराला पाळण्यात ठेवतात. मग दुसरा. ओठ हलत होते. चाळीस वर्षांत मी सोडून कोणापाशी तिनं ते नाव घेतलं नसेल. तिथं मात्र मला ते काठापर्यंत ऐकू आलं. उजू. प्रत्येक खड्याला एकदा.

पाच वेळा ऐकू आलं.

मग ती बराच वेळ तशीच उभी राहिली. पाणी पायाला वळसा घालून जात होतं. फडकं धुतलं, पिळलं, खांद्यावर टाकलं आणि वर आली. ती म्हणाली, "चला मॅडम. गाडी निघून जाईन."

गाडीत खिडकीजवळ बसली. कंडक्टरनं तिकीट पुढं केलं तर तिनं डावा हात काढला. तो जरा रागानं म्हणाला, "आजी, उजवा हात नाई का तुमाले?"

"हाय न," कुंताबाई म्हणाली. "कामात हाय."

हिंगणी येईपर्यंत तिनं ती मूठ उघडली नाही.